वाघीण मळवताना

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. मॉडेल रेल्वेची वाघीण खोक्यातून निघते ती मात्र न्हाऊमाखू घातलेल्या मांजरीसारखी. चकचकीत रेड ऑक्साइड, पांढरीशुभ्र अक्षरं, काळीकुळकुळीत चाकं. दिवा स्टेशनच्या पुलावर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं, इतकी स्वच्छ वाघीण वर्कशॉपच्या दारापासून पहिल्या लोडिंगपर्यंतच टिकते. मग ती खरीखुरी मळकी दिसावी म्हणून (याला वेदरिंग म्हणतात) परदेशी व्हिडिओ बघून तिच्यावर नारिंगी गंज फासला जातो, वरून काळं पाणी ओतलं जातं, आणि ती मळकी दिसायच्या ऐवजी जळकी दिसते.

वाघिणीवरच्या प्रत्येक डागामागे कुठलं तरी काम असतं. ब्रश हातात घेण्याआधी तीन गोष्टी ठरवा: हिच्यात भरतात काय, रिकामी करतात कशी आणि पावसाचं पाणी हिच्यावर साचतं कुठे. याची उत्तरं असली की रंग आपोआप सुचतात. नसली तर कितीही महाग रंग आणा, डाग कुठे टाकायचा हा प्रश्न उरतोच.

मुंबईत बघण्यासारखं भरपूर आहे. दिवा–वसई आणि दिवा–पनवेल मार्गावर मालगाड्यांची रीघ असते. न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर पनवेलवरून जातात, माहुल-ट्रॉम्बेकडे तेलाच्या टाक्या दिसतात, कळंबोलीला पोलाद उतरतं. बघायचं ते फलाटावरून, पादचारी पुलावरून किंवा लोकलच्या खिडकीतून. यार्डात घुसू नका. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे, आणि शंटिंगच्या रुळांत फिरणं जिवावर बेतू शकतं. फोटोंसाठी कॅमेरा काढण्याआधी परवानगीचं बघून घ्या. डोळ्यांनी बघून वहीत टिपणं केली तरी काम भागतं.

गंज नारिंगी नसतो

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे आधी.

बॉक्सएन, म्हणजे कोळसा वाहणारी आपली उघडी वाघीण, रेड ऑक्साइडच्या तपकिरी-तांबड्या रंगात असते. हा रंग आणि गंजाचा रंग जवळपास भाऊ-भाऊ. त्यामुळे तांबड्या वाघिणीवर जुना गंज दिसतो तो गडद डाग म्हणून: कॉफीच्या गाळासारखा, कडेला किंचित जांभळट झाक असलेला. नारिंगी दिसतो तो ताजा गंज. नुकताच खरचटा पडून पत्रा उघडा झाला आणि वर पाऊस पडला तर तेवढ्यापुरता. म्हणजे नारिंगी लागतोच, पण एका बाजूवर पाच-सात ठिपके, तेही टाचणीच्या टोकाएवढे.

राखाडी किंवा निळ्या डब्यांवर नारिंगी गंज शोभतो, कारण तिथे रंगांचा फरक मोठा असतो. परदेशी व्हिडिओंमधले डबे बरेचदा तसेच असतात. ती कृती आपल्या तांबड्या वाघिणीवर जशीच्या तशी उतरवली की फसगत होते.

शिवाय वाघीण कशाची बनलीय तेही बघा. बॉक्सएनएचएल या नव्या प्रकारच्या बाजू आणि तळ स्टेनलेस स्टीलचे असतात. तिथे जुन्या बॉक्सएनसारखी पत्र्याला भोकं पडेपर्यंत गंजलेली खालची कड दाखवली, तर जाणकार माणूस लगेच हसेल. तिच्यावर धूळ, कोळशाचे ओघळ आणि बादलीचे ओरखडे दाखवा, गंजाला आवर घाला.

आता जुन्या, साध्या पोलादी बॉक्सएनचा एकच कप्पा जवळून बघू, दोन उभ्या पट्ट्यांमधला. वरची कड घासून घासून रंग उडालेली, कारण लोडरची बादली आणि जेसीबी तिथेच आपटतात. मधला पत्रा आतल्या मालाच्या दाबाने किंचित बाहेर फुगलेला, आणि फुगवट्यावरचा रंग बाकीच्यापेक्षा फिकट, कारण ऊन तिथे थेट बसतं. उभ्या पट्टीला लागून दोन्ही बाजूंना गडद रेघ, कारण पाणी पट्टीच्या कडेने उतरतं. आणि खाली, पट्टी जिथे तळाच्या आडव्या तुळईला मिळते त्या कोपऱ्यात, मुठीएवढा काळपट डाग. तिथे आत कोळशाची भुकटी साचते, पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. मॉडेलवर हा कोपरा जेमतेम 2 मिलिमीटरचा. पण हे कोपरे बरोबर जमले तर बाकीचं अर्धं काम झालंच म्हणून समजा.

रंग चढवण्याआधी

एचओ म्हणजे 1:87 माप. बॉक्सएनची कपलरसकट लांबी 10,713 मिलिमीटर, म्हणजे मॉडेल साधारण 123 मिलिमीटरचं हवं. खऱ्या नव्या चाकाचा व्यास 1,000 मिलिमीटर, म्हणजे मॉडेलला 11.5 मिलिमीटरचं चाक लागतं. बाजारात मिळणारी चाकं बहुधा अमेरिकन डब्यांच्या मापाची, 33 इंचाच्या चाकासाठी साधारण 9.6 आणि 36 इंचासाठी 10.5 मिलिमीटर. 9.6 ची बसवली की वाघीण खाली बसल्यासारखी दिसते. ते वेदरिंगने झाकता येत नाही, म्हणून चाकं आधी बदला.

एक तडजोड मात्र बहुतेकांना करावीच लागते. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचा, म्हणजे एचओत 19.3. आपण गाड्या चालवतो 16.5 मिलिमीटरच्या तयार रुळांवर. बोगी (म्हणजे इथे वाघिणीखालची चाकांची चौकट) गडद आणि बिनचमकीची ठेवली तर हा पावणेतीन मिलिमीटरचा फरक नजरेत कमी भरतो.

सध्या बऱ्याच भारतीय वाघिणी थ्रीडी प्रिंट करून मिळतात. त्यांच्या अंगावर थरांच्या बारीक आडव्या रेघा असतात. या रेघा न घासता पातळ रंगाचा वॉश दिला की सगळा वॉश त्यांत बसतो आणि वाघीण कॉर्डुरॉयच्या पॅन्टसारखी दिसते. आधी 400 चा, मग 800 चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून मारा. मग फिलर प्रायमर, आणि तो वाळल्यावर पुन्हा 800. रिव्हेटवरून कागद जाऊ देऊ नका, मधल्या सपाट भागावरच घासा. शेवटी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि त्यानंतर फक्त कडेला धरा. बोटाचा तेलकटपणा प्रायमरखालून हमखास वर येतो.

हँडरेल आणि पाइपांसाठी लॅमिंग्टन रोडवर मिळणारी इनॅमल्ड तांब्याची तार स्वस्त आणि उत्तम. 33 गेजची तार 0.25 मिलिमीटरची असते. खऱ्या मापात ती साधारण 22 मिलिमीटरची सळई झाली, हँडरेलला अगदी योग्य. ब्रेकच्या पाइपाला 26 गेज घ्या, 0.46 मिलिमीटर. तार सरळ करायला तिचं एक टोक पकडीत धरून दुसरं टोक दुसऱ्या पकडीने हळूच ओढा. किंचित ताणली गेल्याचं हाताला जाणवलं की ती काडीसारखी सरळ राहते. हँडरेलची भोकं 0.3 मिलिमीटरच्या ड्रिलने हातानेच पाडा. मोटारीच्या ड्रिलने प्लास्टिक वितळतं.

ब्रेकच्या हवेचे दोन पाइप असलेली वाघीण असेल तर टोकाच्या कॉकना (तोट्यांना) रंग द्यायला विसरू नका: ब्रेक पाइपाचा हिरवा, फीड पाइपाचा पांढरा. रंग मळलेलेच द्या, म्हणजे हिरव्यात थोडा तपकिरी आणि पांढऱ्यात थोडा राखाडी.

वजनासाठी एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचा नियम सोपा आहे: 1 औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. 123 मिलिमीटरच्या वाघिणीला हे साधारण 97 ग्रॅम होतं. रिकामी उघडी वाघीण असेल तर वजन लपवायला जागा नसते. तळाच्या खालच्या बाजूने शिशाची पातळ पट्टी चिकटवा आणि ती काळी करून टाका.

क्रमांक खोटा असला तरी हिशेबाला खरा हवा

हा माझा हट्ट आहे म्हणा. वाघिणीचा क्रमांक 11 आकडी असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे (10 ते 29 उघड्या, 30 ते 39 बंद, 40 ते 54 टाक्या), पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वे 01, पश्चिम रेल्वे 08), त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार आकडे त्या वाघिणीचे स्वतःचे, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. हा शेवटचा आकडा मनाने टाकायचा नसतो. डावीकडून सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिला तीनने गुणा, त्यात विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज मिळवा, आणि येणाऱ्या संख्येला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जे कमी पडतं तो अकरावा आकडा.

उदाहरण घ्या: 10 01 98 1234. सम जागांवर 0, 1, 8, 2, 4, बेरीज 15, तिप्पट 45. विषम जागांवर 1, 0, 9, 1, 3, बेरीज 14. एकूण 59. साठला एक कमी, म्हणून पूर्ण क्रमांक 10019812341. बांधणीचं वर्ष 98 टाकलं असेल तर ती वाघीण तेवढी थकलेलीही दिसली पाहिजे, आणि 22 टाकून तिला भोकं पडेपर्यंत गंजवू नका.

पांढरी अक्षरं छापणं हा खरा त्रास. घरचा लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. गिरगावात कांदेवाडीच्या आसपास लग्नपत्रिकांची छपाई चालते. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून ट्रान्सफर पेपरवर (पाण्यात भिजवून अक्षरं मॉडेलवर उतरवतात तो) पांढऱ्या शाईत एक पूर्ण पान छापून घेता येतं. पण 1 मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर स्क्रीनवर भरून जातं, आठ आणि शून्याच्या पोटातली पोकळी बुजून नुसता पांढरा ठिपका होतो. वजनाचे बारीक आकडे म्हणून वाचता येतील असे छापायचा नाद सोडा, ओळीचा भास झाला तरी पुरे.

ट्रान्सफर नेहमी ग्लॉस वार्निशवर लावा. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, त्यात हवा अडकते आणि ट्रान्सफरखाली चंदेरी झाक दिसते. तशी झाक आलीच तर सुईने दोन-तीन टोचे मारा, डेकल सॉफ्टनर (ट्रान्सफर मऊ करणारं द्रावण) लावा आणि हात न लावता रात्रभर सोडा.

पाया, फिकटपणा आणि दुरुस्तीचा चौकोन

पायाच्या रंगाला तामिया कंपनीचा एक्सएफ-9 (हल रेड) दोन भाग आणि एक्सएफ-7 (फ्लॅट रेड) एक भाग, इथून सुरुवात करा आणि पाहिलेल्या वाघिणीशी जुळवत जा. फिकट करताना पांढरा मिसळू नका, तांबड्यात पांढरा गेला की गुलाबी होतं. एक्सएफ-57 बफ मिसळा, वीट उन्हात विटावी तसा रंग येतो. एअरब्रशमध्ये एक भाग रंगाला आठ-नऊ भाग थिनर, 15 ते 18 पीएसआय हवेचा दाब, आणि फक्त कप्प्यांच्या मधोमध. कडा आणि उभ्या पट्ट्यांच्या मुळाशी मूळ गडद रंग राहू द्या. क्रमांकाची अक्षरं याच्या आधी लावलेली हवीत, म्हणजे तीही थोडी विटतात.

एअरब्रश नसेल तर फिकटपणा तैलरंगाने साधा. बफसारख्या रंगाचे टाचणीएवढे दहा-बारा ठिपके एका कप्प्यात टाका आणि जवळजवळ कोरड्या चपट्या ब्रशने उभे पुसत न्या. वेळ जास्त लागतो, पण हात सावकाश चालतो म्हणून बिघडतंही कमी.

यानंतर एक छोटी गोष्ट, जी फार कमी जण करतात. वर्कशॉपमधून पीओएच (ठरावीक मुदतीची मोठी दुरुस्ती) होऊन आलेल्या वाघिणीवर तारखेच्या मजकुराखाली नव्या रंगाचा चौकोन मारलेला असतो, बाकी अंग जुनंच. फिकटपणाचं काम झाल्यावर साधारण 8 बाय 5 मिलिमीटरची जागा मास्किंग टेपने आखा, त्यात मूळ गडद रंग मारा आणि त्यावर तारखेचं ट्रान्सफर लावा. जुन्या सदऱ्याला नवं ठिगळ लावल्यासारखं दिसतं, आणि ती वाघीण एकदम खरी वाटू लागते.

वॉश, ओघळ आणि मुंबईची हवा

बाटलीभर आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) इंडिया इंक या काळ्या शाईचे काही थेंब टाकून वॉश करायची कृती सगळीकडे सापडते. आपल्या कामात तिचे दोन घोटाळे आहेत. तामियाचे ॲक्रिलिक रंग अल्कोहोलमध्ये विरघळतात, त्यामुळे वार्निशचा थर नसेल तर वॉशबरोबर खालचा रंगही निघतो. आणि लॅकर प्रकारच्या मॅट वार्निशवर आयपीए पडलं तर ते दुधासारखं पांढरं पडू शकतं. म्हणून तैलरंगाचा वॉश बरा. बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, कलाकारांच्या ट्यूबमधला. तो आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तास-दोन तास ठेवा, म्हणजे त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठ्यात शोषलं जातं आणि रंग वाळल्यावर चमकत नाही. मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये गढूळ चहाइतका पातळ करा.

वॉश सगळ्या अंगाला फासायचा नाही. बारीक ब्रशचं टोक पट्टीच्या मुळाशी, रिव्हेटच्या बुडाशी, दाराच्या बिजागरीपाशी टेकवा, तो आपसूक फटीतून पळतो. हे काम ग्लॉस थरावरच करा. मॅटवर वॉश पसरून डाग पडतो आणि पुसला जात नाही. पंधरा-वीस मिनिटांनी टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने जादा रंग वरून खाली पुसा. आडवा हात एकदाही नको. पाणी खाली वाहतं.

ओघळांसाठी मॅट थर चांगला. टाचणीच्या टोकाएवढा बर्न्ट अंबरचा ठिपका ठेवा, दहा मिनिटं थांबा, मग ओलसर चपट्या ब्रशने एकदाच खाली ओढा. प्रत्येक ओढीनंतर ब्रश फडक्याला पुसा. ओघळ वर गडद आणि खाली जाताना विरळ होत नाहीसा झाला पाहिजे. खालपर्यंत सारख्याच जाडीचा राहिला तर ती पट्टी दिसते. तैलरंग वाळायला मुंबईत कोरड्या दिवसांत दोन-तीन दिवस, पावसाळ्यात आठवडाभरही लागतो. घाई केली तर पुढच्या वार्निशला सुरकुत्या पडतात.

आता आपल्या हवेबद्दल. जून ते सप्टेंबर कॅनमधलं लॅकर वार्निश मारलं की वाघीण धुकं पडल्यासारखी पांढुरकी होते. थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि थरात अडकते. उपाय दोन. एक म्हणजे वार्निशची कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. थांबवत नसेल तर पाण्यावर आधारित मॅट वार्निश ब्रशने किंवा एअरब्रशने मारा. ते सावकाश वाळतं, पण असं पांढरं पडत नाही. कॅनच मारायचा असेल तर तो दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करा (गरम पाण्यात कधीच नाही), वाघिणीवर हेअर ड्रायरची हलकी हवा फिरवा आणि एकदम ओला थर न मारता तीन कोरडे फवारे मारा. पांढरेपणा आलाच तर घासत बसू नका. कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा हलका थर दिला की खालचा थर पुन्हा मऊ होऊन ओल निघून जाते.

कॉम्प्रेसरचा वॉटर ट्रॅप पावसाळ्यात दर अर्ध्या तासाने रिकामा करा. नाहीतर ऐन धुळीच्या थरात नोझलमधून पाण्याचा एक टपोरा थेंब येतो आणि सगळं बिघडवतो.

पोटातलं काम

उघड्या वाघिणीचं पोट बहुतेक जण कोऱ्या रंगात सोडतात. खरं तर आत रंग राहतच नाही. प्रत्येक फेरीत माल पत्रा घासत जातो, मग पाऊस पडतो, आणि तळाशी कोळशाचा चिखल साचतो. बाहेर जो नारिंगी वापरायला मी नको म्हटलं, तो इथे मोकळ्या हाताने वापरा. आतल्या भिंतींवर आधी बर्न्ट सिएनाचा अनियमित थर द्या, त्यावर स्पंजच्या तुकड्याने गडद तपकिरी टिपा, आणि मग एक्सएफ-69 सारखा काळा अगदी पातळ करून खालच्या तिसऱ्या हिश्श्यात मारा. तळाच्या कोपऱ्यांत कोळशाची भुकटी पातळ फेविकॉलने चिकटवा. वरच्या कडेला घासलेल्या पोलादासाठी मऊ शिसपेन्सिल आडवी धरून एकदाच फिरवा.

फुगलेला पत्रा दाखवायचा असेल तर आतून प्लास्टिक खरवडून पातळ करा, सोल्डरिंग आयर्नचं टोक पाच-सहा मिलिमीटर लांब धरून दोन-तीन सेकंद ऊब द्या आणि चमच्याच्या पाठीने आतून हळू दाबा. आधी टाकाऊ तुकड्यावर चार-पाच वेळा करून बघा. टोक जवळ गेलं तर फुगवट्याऐवजी भोक पडतं, आणि रेझिनचा प्रिंट असेल तर हे जमतच नाही, तो तडकतो.

बोगी

जुन्या परदेशी लेखांत चाकाच्या तोंडावर तेलाचे शिंतोडे दाखवायला सांगतात. ते साध्या बेअरिंगच्या डब्यांसाठी होतं, त्यांतून तेल गळायचं. आपल्या वाघिणींच्या कॅसनब प्रकारच्या बोगीला बंद रोलर बेअरिंग असतं. त्यामुळे चाकाचं तोंड कोरडं, धुळीने माखलेलं तपकिरी करा, आणि बेअरिंगच्या टोपीवर फक्त एक छोटा गडद, किंचित चमकदार ठिपका द्या. चाक रुळावरून जिथे धावतं ती पट्टी रंगवू नका. ती खऱ्या गाडीत घासून चकचकीत असते, आणि मॉडेलमध्ये रंग लागला की चाक उडत चालतं. आसाच्या टोकांनाही रंग नको.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत गडद वॉश आणि बोगीच्या वरच्या सपाट कडांवर बफ किंवा मातकट एक्सएफ-52 ची धूळ. एवढं पुरतं. वाघिणीच्या दोन्ही टोकांना चाकांच्या रेषेत चिखलाच्या दोन उभ्या पट्ट्या येतात, कारण पावसात चाक पाणी वर फेकतं. त्या एकमेकींपासून 19 मिलिमीटरवर द्या. आपली चाकं 16.5 वर असली तरी पट्ट्या खऱ्या गेजप्रमाणे असल्या की नजर फसते.

प्रत्येकीचा मळ वेगळा

बंद बीसीएनमध्ये सिमेंट जात असेल तर छत आणि दाराच्या चौकटी राखाडी. सिमेंटला ओल लागली की ते घट्ट बसतं, म्हणून दाराखाली पांढुरके, खडबडीत ओघळ. खत जात असेल तर दाराच्या खालच्या कडेला गंज जास्त, कारण खताचे क्षार लोखंडाला खातात. धान्याच्या वाघिणीवर त्या मानाने काहीच नसतं, नुसती धूळ, आणि दाराजवळ हमालांच्या हातांनी काळपट झालेला भाग.

बीटीपीएन या तेलाच्या टाकीचं तंत्र उलटं आहे. तिथे डाग चमकतो आणि बाकी अंग मॅट. डोमच्या (टाकीवरच्या घुमटाच्या) झाकणापासून दोन्ही बाजूंना उतरणारे ओघळ सगळ्यात शेवटी, मॅट थरानंतर, तैलरंगात थोडं ग्लॉस वार्निश मिसळून काढा. जड, काळ्या तेलाचा ओघळ जाड आणि काळा. डिझेलचा ओघळ पातळ, आणि तो धूळ धुऊन नेतो, त्यामुळे तिथे अंगाचा मूळ रंग उलट जास्त स्वच्छ दिसतो आणि कडेला मळाची रेघ उरते. हे करायला आधी सगळीकडे पेस्टलची धूळ बसवा, मग टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या ब्रशने डोमपासून खाली एक पट्टी पुसून काढा.

कंटेनरच्या वाघिणीवरचा कंटेनर वेगळा मळवा आणि वाघीण वेगळी. कंटेनर समुद्रावरून येतो, त्याची धूळ पनवेलची नसते. त्याला गंज चार कोपऱ्यांच्या कास्टिंगपाशी, दाराच्या बिजागऱ्यांना आणि खालच्या कडेला.

धुळीसाठी मऊ पेस्टलच्या कांड्या 320 च्या कागदावर घासून भुकटी करा. ऑइल पेस्टल चुकूनही घेऊ नका, त्याची भुकटी होत नाही. वार्निशचा फवारा बसला की पेस्टलचा रंग निम्म्याने उडतो, म्हणून एक तर दुप्पट लावा किंवा न फवारता सोडा आणि वाघीण कायम टोकांना धरून उचला. शेवटी अणकुचीदार पांढऱ्या रंगपेन्सिलीने तपासणीवाल्यांच्या खडूची दोन-तीन अक्षरं काढा, तिरकी, घाईची.

कोळसा

इस्त्रीवाल्याकडचा कोळसा वापरू नका. तो लाकडी, चमक नसलेला, आणि वाळल्यावरही बोटांना लागतो. दगडी कोळशाचा एखादा खडा कुठून मिळाला तर फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा आणि चहाच्या गाळणीतून चाळा. आपल्या देशी कोळशात राख भरपूर असते, त्यामुळे तो शाईसारखा काळा न दिसता करडा दिसतो. वरून राखाडी पेस्टलचा हात फिरवा.

थर्माकोलचा तुकडा वाघिणीच्या आतल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान कापा, वरून दोन-तीन बसके उंचवटे द्या, काळा रंगवा (स्प्रे कॅनने नको, थर्माकोल वितळतो) आणि कोळसा पसरा. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हे मिश्रण ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर पाणी कोळशावर मण्यासारखं गोळा होतं. थर्माकोलमध्ये कोळशाखाली एक लोखंडी वॉशर पुरून ठेवा, म्हणजे चुंबक वर धरून सगळा माल अलगद उचलता येतो. पावसाळ्यात हा माल टेबल लॅम्पखाली दोन दिवस पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात बंद करू नका, फेविकॉलला बुरशी येते.

कोळशाऐवजी लोहखनिज दाखवायचं असेल तर वाघीण काठोकाठ भरू नका. बॉक्सएनमध्ये जागा सुमारे 56 घनमीटर आणि तिची मूळ वजनक्षमता 58 टनांच्या आसपास. कोळसा हलका, तो वरपर्यंत येतो. खनिज कितीतरी जड, वजन भरतं तेव्हा वाघीण अर्धीही भरलेली नसते. काठोकाठ खनिज भरलेली वाघीण म्हणजे आस मोडलेली वाघीण.

काम तपासायचं ते खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळे तपकिरी रंग सारखेच दिसतात. मोबाइलने रुळाच्या उंचीवरून एक फोटो काढा. डोळ्याला जे कमी वाटतं ते फोटोत बहुधा पुरेसं असतं, आणि जे पुरेसं वाटतं ते जास्त.

रेक (म्हणजे वाघिणींची अख्खी गाडी) करायचा असेल तर सगळ्या वाघिणी एकाच दिवशी मळवू नका, हात एकाच लयीत पडतो आणि सगळ्या जुळ्या दिसतात. दहातल्या सहा-सात मध्यम, दोन खूप जुन्या, आणि एक नुकतीच वर्कशॉपमधून आलेली, जिच्यावर फक्त बोगीला धूळ असेल. ही नवी वाघीण इंजिनाच्या पाठोपाठ लावू नका, तिसरी-चौथी लावा.